आम्हाला मुक्कामी विमान हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोबाइलवर दोन ओळींचा संदेश आला होता. ‘आपल्या उड्डाणाच्या वेळेत बदल झाला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ त्याखाली जुनी वेळ आणि नवी वेळ. जुनी सकाळी सहा चाळीस, नवी दुपारी एक पंचवीस. मला त्या दिवशी साडेदहाला मुंबईत एका ग्राहकाच्या परचेस विभागात बसायचे होते. म्हणजे बैठक आटोपून सगळे जेवून उठले असते, तेव्हा माझे विमान छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून उडणार होते. याला ‘वेळेत बदल’ म्हणतात. मुहूर्त टळून गेल्यावर नवरदेव मांडवात आला, तर त्यालाही वेळेतला बदलच म्हणायचा का?

पुढचा आठवडा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. सकाळचे विमान कुठेच नव्हते. वेळापत्रकाच्या या हंगामातल्या उरलेल्या सगळ्या दिवसांतून ते काढून टाकले होते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आज हिने केले, याआधी दुसरीने केले होते, उद्या तिसरी करील. माझे भांडण एका कंपनीशी नाही.

मी वाळूज औद्योगिक वसाहतीत प्रेस टूलचा छोटा कारखाना चालवते. एकोणीस माणसे, आणि पोलाद कापण्या-घासण्याची यंत्रे: दोन वायरकट, एक ईडीएम, दोन व्हीएमसी आणि एक सरफेस ग्राइंडर, जो माझ्या नवऱ्याच्याही आधीपासून माझ्या आयुष्यात आहे. पत्र्याला आकार देणाऱ्या डाय आम्ही बनवतो. माझे तीन मोठे ग्राहक मुंबई, ठाणे आणि वसई या पट्ट्यात आहेत. गेल्या वर्षीच्या डायरीत मुंबईच्या ३७ फेऱ्या नोंदवलेल्या आहेत. त्यांतल्या ३१ फेऱ्यांत मी सकाळी गेले आणि त्याच रात्री घरी परतले.

त्या दिवसाचा साचा ठरलेला असे. साडेचारला उठायचे, साडेपाचला विमानतळ. पत्रा कापणारा पंच किंवा डायमध्ये बसवायचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, धारदार असतो, त्यामुळे तो हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या पंधरा किलोंत माझे कपडे कधीच नसत, जाड पुठ्ठ्यात आणि तेलकट कागदात गुंडाळलेले पोलाद असे. काउंटरवरच्या मुलीला सवय झाली होती. ‘मॅडम, आज किती भरलंय?’ असे ती बॅग काट्यावर ठेवण्याआधीच विचारायची. आठच्या आत मुंबईत उतरायचे, पट्ट्यावरून पोलाद उचलायचे, साडेनऊपर्यंत ग्राहकाच्या प्रेस शॉपमध्ये. डाय प्रेसवर चढवायची, ट्रायल घ्यायची, बर, म्हणजे कापलेल्या कडेला उरणारी खरखर, कुठे येतोय ते पाहायचे, दुपारी परचेसमध्ये जाऊन मागची थकबाकी मागायची (हे काम फोनवर होत नाही, ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे), आणि संध्याकाळच्या विमानाने परत. रात्री नऊला मी स्वयंपाकघरात असे. दुसऱ्या दिवशी आठला कारखान्यात.

त्या विमानात चेहरे ओळखीचे झाले होते. औषध कारखान्यातले गुणवत्ता तपासणारे, मशीन दुरुस्तीला जाणारे सर्व्हिस इंजिनिअर, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे कामे असणारे सनदी लेखापाल, कारण ते न्यायाधिकरण आपल्या राज्यासाठी मुंबईतच बसते. परळला तपासणीला जाणारी एखादी बाई, शेजारी फाइल छातीशी धरून बसलेला तिचा मुलगा. पायलटने नमस्कार केला तर आम्ही एकमेकांकडेच बघत असू, इतके ते एसटीसारखे झाले होते.

इथे काही वाचक म्हणतील, विमानाचे रडगाणे म्हणजे श्रीमंतांचे रडगाणे. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहराने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या; देशभर बातमी झाली होती. त्या गाड्या घेणाऱ्यांत मी नव्हते. आणि खरे सांगायचे तर ज्यांच्या दारात त्या गाड्या उभ्या आहेत त्यांना सकाळचे विमान गेल्याने फार फरक पडत नाही. त्यांच्याकडे ड्रायव्हर आहे, मुंबईत फ्लॅट आहे, मुंबईत माणूस आहे. अडचण होते ती माझ्यासारख्यांची, जिथे मालक, विक्री अधिकारी आणि हमाल एकच व्यक्ती असते.

आता मुद्द्यावर येते.

माझे माहेर गंगापूर तालुक्यातले. लहानपणी आमच्या गावात रोज रात्री साडेआठला एसटी यायची आणि थांबायची. मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर पथारी टाकायचे, उन्हाळ्यात टपावर. कुणाच्या तरी घरून भाकरी जायची. सकाळी सहाला ती गाडी गंगापूरमार्गे तेव्हाच्या औरंगाबादला निघायची. दुधाचे कॅन, कोर्टाची तारीख असलेले, दवाखान्याचे, आणि आम्ही शिकणारी मुले. शासकीय तंत्रनिकेतनाचा माझा डिप्लोमा त्या गाडीने केला आहे, असे मी नेहमी म्हणते. सकाळी सहाला गावातून गाडी सुटायची, कारण ती रात्री गावात झोपलेली असायची. यात शास्त्र एवढेच.

एका वर्षी आगाराने मुक्काम बंद केला. गाडी बंद केली नाही बरे का. सकाळी आगारातून निघून ती साडेदहाला गावात येऊ लागली आणि अकराला परत फिरू लागली. कागदावर गावाची फेरी कायम होती. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते, मावशीकडे राहायला गेले. माझ्यामागच्या दोन मुलींचे कॉलेज त्या वर्षी सुटले. सहा महिन्यांनी फेरीही बंद झाली आणि आगाराने सरपंचांना कळवले की या मार्गावर प्रवासी मिळत नाहीत.

विमानाचे अगदी हेच आहे. सकाळी सहा चाळीसला चिकलठाण्याहून विमान उडायचे असेल तर ते रात्री चिकलठाण्यावर मुक्कामाला असले पाहिजे. त्यासाठी पार्किंगचे भाडे, पायलट आणि केबिन क्रूची हॉटेलची खोली, सकाळी विमान तपासून सही करणारा इंजिनिअर, एवढे लागते. कंपनीला खर्च कमी करायचा असला की पहिला घाव या मुक्कामावर बसतो. मग विमान रात्री मुंबईत किंवा दिल्लीत झोपते आणि दिवसातली सर्वांत मोलाची सकाळ मोठ्या शहरांच्या आपसातल्या फेऱ्यांना जाते. ते दमले-भागले की दुपारी आमच्याकडे एक चक्कर.

कधी कधी तर याहून गंमत होते. सकाळी मुंबईहून विमान इकडे येते आणि संध्याकाळी इथून मुंबईला जाते. म्हणजे मुंबईचा माणूस सकाळी येऊन, वाळूजला ऑडिट करून, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जागा पाहून रात्री आपल्या घरी झोपायला जाऊ शकतो. आम्ही मात्र संध्याकाळी तिकडे जायचे, रात्र हॉटेलात काढायची, दिवसभर काम करायचे, पुन्हा रात्र हॉटेलात काढायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परतायचे. विमाने तेवढीच, जागा तेवढ्याच, भाडे तेवढेच. फक्त विमान कुठे झोपते त्यावर कुणाचा एक दिवस वाचतो आणि कुणाचे तीन दिवस जातात हे ठरते. वेळापत्रक मंजूर करणाऱ्या कार्यालयात हा हिशेब कुणी कधी मांडला असेल असे मला वाटत नाही.

‘समृद्धी आहे की’, हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावे लागते. आहे. ५ जून २०२५ पासून हा नागपूर-मुंबई महामार्ग सलग ७०१ किलोमीटर खुला झाला आणि रस्ता उत्तम आहे. सावंगीला चढले की तीनेक तासांत आमणे, म्हणजे त्याचे मुंबईकडचे टोक, येते. आमण्यापर्यंत वारा आणि आमण्यापुढे मुंगी. भिवंडी ओलांडून अंधेरीला पोहोचेपर्यंत पुढचे दोन तास कुठे जातात ते कळत नाही. साडेनऊला प्रेस शॉपमध्ये उभे राहायचे तर मध्यरात्र उलटल्यावर लगेच घर सोडावे लागते, कारण सकाळच्या वाहतुकीत सापडले की संपले. आणि संध्याकाळी सहाला काम संपवून तोच रस्ता पुन्हा. सरळ, एकसुरी, रिकामा. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ याच महामार्गावर मध्यरात्रीच्या अपघातात बारा जण गेले, ते या भागात कुणी विसरलेले नाही.

सकाळचे विमान गेल्यानंतर पहिल्याच महिन्यात एका ग्राहकाच्या लाइनवर आमच्या डायचा पंच तुटला. लाइन उभी. पूर्वी मी नवा पंच घेऊन सकाळी आठला मुंबईत असते. आता माझ्या कारखान्यातला सव्वीस वर्षांचा मुलगा रात्री एकला गाडी घेऊन निघाला, पंच बसवून दिला आणि कुणाचेही न ऐकता त्याच संध्याकाळी परत फिरला, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीला बघायला येणार होते. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. ‘मॅडम, गाडी कठड्याला घासली. मला काही झालं नाही. डोळा लागला होता.’ डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे गेले. मी त्याच्या आईला सांगितलेले नाही आणि हे पत्र छापून आले तर तिने वाचू नये अशी माझी इच्छा आहे. त्या रात्रीपासून आमच्याकडे नियम आहे: मुंबईहून रात्री गाडीने परतायचे नाही. हॉटेलचे बिल मी देईन.

रेल्वेचेही सांगते. रात्रीच्या देवगिरीने सकाळी मुंबईत उतरता येते, हे खरे. वर्षानुवर्षे मी तसेच केले आहे. मात्र एका दिवसाच्या कामासाठी लागोपाठ दोन रात्री बर्थवर काढायच्या आणि मधल्या दिवशी मायक्रोमीटर धरायचा, हे पन्नाशीनंतर जमत नाही. आकडे डोळ्यांपुढे नाचतात. वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झाली तेव्हा ती दुपारी बाराच्या आत सीएसएमटीला लागायची, निदान अर्धा दिवस हाती यायचा. ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडहून सुटते. नांदेडकरांची सोय झाली, चांगलेच झाले. पण आता ती मुंबईला पोहोचते दुपारी दोननंतर, आणि मुंबईहून इकडे येणारी वंदे भारत सुटते एकच्या सुमारास. म्हणजे जाणारी गाडी टेकण्याआधीच येणारी निघून गेलेली असते. ही गाडी कुणी पाहुण्याकडे राहायला जाण्यासाठी उत्तम आहे.

विमान कंपन्यांच्या अडचणी मला समजत नाहीत असे नाही. काही इंजिनांच्या पावडर मेटलच्या भागांत अशुद्धी निघाली आणि २०२३ पासून जगभर विमाने तपासणीसाठी जमिनीवर उभी राहिली. आम्ही धातूत काम करणारी माणसे. एका चकतीतला न दिसणारा दोष काय करू शकतो ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. २०२५ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. ती जायलाच हवी होती. झोप न झालेल्या माणसाच्या हाती काय होते ते मी वर लिहिले आहे. त्या नियमांची तयारी वेळेत न केल्याने डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली आणि शेवटी सरकारनेच एका कंपनीच्या वेळापत्रकात दहा टक्के कपात करायला लावली. कपात व्हावी की नाही यावर माझे म्हणणे नाही. कात्री नेहमी काठाकडूनच का चालते, एवढेच विचारायचे आहे. दिल्ली-मुंबईच्या दिवसभरातल्या ढीगभर उड्डाणांतून एक कमी झाले तर प्रवासी तासाभराने दुसऱ्यात बसतो. आमचे एक गेले की दिवस गेला.

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. त्यामुळे सकाळी सात ते दहा ही वेळ तिथे सोन्याच्या भावाची आहे. त्या वेळेत ७० जणांचे विमान उतरवायचे की १८० जणांचे, हा सौदा आम्ही नेहमीच हरणार. त्यातच ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग शुल्क माफ आहे. ही सवलत छोट्या शहरांच्या भल्यासाठी दिलेली. पण ज्या विमानतळावर जागाच उरलेली नाही, तिथे फुकट उतरणाऱ्या छोट्या विमानाला कोण प्रेमाने बोलावणार? भले करायला गेलेल्या सवलतीची अशी उलटी धार निघते. (डायच्या बाबतीत आम्ही याला चुकीचा क्लिअरन्स म्हणतो. दोन्ही भाग बरोबर असतात, मधली जागा चुकते आणि पत्रा फाटतो.)

नियम काय सांगतो तेही मी वाचून काढले. उड्डाण रद्द होणार हे कंपनीने वेळेत कळवले नाही, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला पाच हजार रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. दोन आठवडे आधी कळवले, तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, एवढ्यावर विषय संपतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम वाईट नाही. पण तो एका तिकिटाचा विचार करतो. ज्याचा रतीब आहे त्याचा विचार त्यात नाही. माझे तिकीट कुणी बुडवले नाही, पै न् पै परत आली, आणि बदली म्हणून मला काय दिले होते? दुपारी एक पंचवीसचे विमान. कागदोपत्री माझी तक्रारच उरत नाही. कॉल सेंटरवरच्या मुलाने तर फार गोडीने विचारले, ‘मॅडम, त्याच दिवशीची सीट दिली आहे ना?’ मी त्याला म्हटले, बाळा, दिवस तोच आहे, पण माझा दिवस गेला. तो म्हणाला, आणखी काही मदत करू शकतो का?

पुढे काय होणार तेही मला दिसते आहे, कारण मी ते एकदा गावात पाहिले आहे. दुपारच्या विमानात आमच्यापैकी कुणी बसणार नाही. वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक बसतील, पण ते सुट्यांत. पावसाळ्याच्या एखाद्या मंगळवारी अर्धे विमान रिकामे जाईल. पुढच्या हंगामाच्या बैठकीत कुणीतरी पडद्यावर आकडा दाखवेल: या मार्गाला प्रतिसाद नाही. मग तीही फेरी आठवड्यातून तीन दिवसांवर येईल. त्या आकड्याशेजारी कुणी विमानाच्या सुटण्याची वेळ लिहीत नाही.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणार नाही. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी उडाले, त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादलाही सुरू झाले. तेव्हा विमानातल्या ठरावीक जागांना तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा होती, तोटा भरून द्यायला तीन वर्षांचे अनुदान. त्याचे पुढे काय झाले ते महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. मार्गवाटपाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले, ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकून होते ५४. पैसे देऊन विमान आणता येते, ठेवून घेता येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. आमचा मुंबईचा मार्ग तर या योजनेतलाही नाही. आम्ही मधलेच. अनुदान मिळण्याइतके गरीब नाही आणि कंपनीने रात्री मुक्कामाला थांबावे इतके श्रीमंत नाही. नाशिक, कोल्हापूर, जळगाव, सोलापूर, अमरावतीच्या उद्योजकांशी बोलणे होते तेव्हा प्रत्येकाचा मार्ग वेगळा निघतो आणि दुखणे एकच. आमच्या गावाला विमानतळ आहे, विमान आहे, पण कामाच्या वेळेला नाही.

तेव्हा मागणी नव्या विमानाची नाही. आहे तेच विमान रात्री इथे झोपू द्या. चिकलठाणा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. रात्रीच्या पार्किंगचे भाडे त्यांनी सोडले तर त्यांचे फारसे काही जाणार नाही, कारण आज रात्री तिथे भाडे देणारे असतेच कोण? राज्य सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमान इंधनावरचा मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. ती सवलत राज्याच्या तिजोरीतून गेली, म्हणजे त्यात वाळूजचाही पैसा आहे. एवढे दिल्यावर एक अट घालायला काय हरकत होती, की राज्यातल्या प्रत्येक चालू विमानतळावरून सकाळी आठच्या आत एक विमान मुंबईकडे निघेल आणि संध्याकाळी सहानंतर एक परत येईल? या दोन फेऱ्या म्हणजे एकच वस्तू आहे, जोडीतला एक बूट काढून घेता येत नाही, हे वेळापत्रक मंजूर करताना लिहून घेतले पाहिजे. आणि बदल करायचाच तर हंगाम बदलताना करा; मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. निदान आम्ही ग्राहकांना तशा तारखा देऊ.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तिथल्या सकाळच्या वेळा पूर्ण वाटल्या जाण्याआधीच राज्यातल्या शहरांसाठी काही राखून ठेवाव्यात. अंधेरीला ते आडबाजूला पडेल, पण ठाणे-बेलापूर पट्टा आणि न्हावा शेवा बंदर तिथून जवळ आहे, आमच्या निर्यातवाल्यांना तेच हवे. एकदा त्या वेळा दिल्ली-बंगळूरला गेल्या की परत मिळत नाहीत.

आमच्याकडूनही काही द्यायला हवे, ते मान्य आहे. आमच्या औद्योगिक संघटनांनी सभासदांकडून वर्षभराच्या सकाळच्या जागांची आगाऊ नोंदणी करून कंपनीपुढे ठेवावी. मी माझ्यापुरते सांगते: आठवड्याला एक जागा, वर्षाचे पैसे दोन हप्त्यांत, आजच द्यायला तयार आहे. वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्यातून असे चाळीस जण मिळणार नाहीत, असे जर निघाले, तर मी हे पत्र मागे घेईन. मात्र मोजणी सकाळच्या विमानाची करा, दुपारच्या नाही.

येत्या गुरुवारी वसईला ट्रायल आहे. बुधवारी संध्याकाळी गाडीने निघून तिथे मुक्काम करते आहे. गुरुवारी रात्री परतायचे नाही हा नियम मीच केल्यामुळे शुक्रवारी दुपारपर्यंत कारखान्यात नसेन. इन्सर्ट अजून ग्राइंडरवर आहे. तो उतरवायचा आहे, म्हणून इथे थांबते.

आपली,
वाळूज येथील एक लघुउद्योजिका
छत्रपती संभाजीनगर